नुसता सांगाडा घाटावर नेताना : चिपळूणची फियाट ट्रकमध्ये कशी बांधली

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा कुंभार्लीत रेंज गेल्यामुळे अर्ध्यात तुटला, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना मी चारदा "म्हणजे" म्हणतो, ते काढलंय. बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.

जुनी गाडी पुन्हा उभी करण्यावर आपण बोलायला लागल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. गाडी पूर्ण खोलून झाली. इंजिन, सीट, काचा, दरवाजे सगळं बाजूला काढलं. आता उरलेला पत्र्याचा सांगाडा दुसऱ्या गावाला न्यायचा तर कसा? आणि प्रश्नाला जोडून हमखास एक वाक्य असतं : "आता काय, हलकाच झालाय ना!"

तिथेच गोची आहे. हलका झालाय हे खरं. पण तो त्याच वेळी लेचापेचाही झालाय.

आमच्याकडची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७९ ची. घरात कुणीच तिला पद्मिनी म्हणत नाही. आजोबांपासून सगळ्यांसाठी ती "फियाट". ते चूकही नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, आणि त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६० च्या दशकात फियाट ११०० डिलाईट बनायला लागली. तीच गाडी पुढे नाव बदलून पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही तिला ओळखता. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांनी स्टेटस ठेवले होते, मला आठवतंय.

आमची फियाट मात्र २२ जुलै २०२१ ला पाण्याखाली गेली. चिपळूणकरांना ही तारीख समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी : त्या दिवशी वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि कित्येक ठिकाणी तळमजले बुडाले. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता तेही म्हणाले की हे काहीतरी वेगळंच आहे. माणसं गेली, दुकानं गेली. त्यापुढे एका जुन्या गाडीचं काय, असं वाटणं साहजिक आहे, आणि पहिले कितीतरी महिने आम्हालाही तसंच वाटलं. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला. दोन्ही वेळा आजी ओटीवर येऊन बसली आणि काहीच बोलली नाही. मग बाबांनी गाडी टो करून आत्याच्या घरी, वरच्या अंगाला नेऊन ठेवली.

पुराचं पाणी ओसरतं, गाळ राहतो. गाडीच्या दरवाज्याखाली दोन्ही बाजूंना पत्र्याची एक लांब बंद पेटी असते. तिला सिल म्हणतात. पाणी बाहेर पडायला तिला बारीक भोकं असतात. पुराचा गाळ नेमका त्या भोकांमध्ये बसतो, पेटीत ओल कोंडते, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग शाबूत दिसतो, बोट दाबलं की पापडासारखा मोडतो. आमच्या दोन्ही सिल आणि पुढची फरशी अशी पोखरली गेली होती. एवढं पत्र्याचं काम करणारे जुने कारागीर आम्हाला कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात मिळाले. म्हणून सांगाडा घाटावर चढवायचा ठरला.

सांगाडा म्हणजेच गाडी

इथे थोडं थांबू या, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

जुन्या जीपचं बघा. खाली पोलादी चासी, शिडीसारखी. तिच्यावर बॉडी बोल्टांनी बसवलेली. बॉडी काढून बाजूला ठेवली तरी चासी चाकांवर उभी असते. फियाटमध्ये अशी वेगळी शिडी नाही. फरशी, सिल, खांब, छत हे सगळं एकमेकांना वेल्डिंगने जोडून जी पेटी तयार होते, तीच चासी आणि तीच बॉडी. आजच्या बहुतेक मोटारी अशाच असतात. बिस्किटाचा पत्र्याचा डबा डोळ्यांसमोर आणा. झाकण लावलेलं असताना तो पिळून बघा, हलत नाही. झाकण काढा आणि परत पिळा. आता एक बाजू चक्क कापा आणि परत पिळा.

गाडीचे दरवाजे काढले, पुढची-मागची काच काढली की आपण झाकण काढलेलं असतं. आणि सिल गंजलेली असेल तर एक बाजू निसर्गानेच कापून दिलेली असते. अशा सांगाड्याला मधे आधार न देता दोन टोकांना उचललं, तर तो मधे बसतो. किती? दोन-चार मिलिमीटर. डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच अवस्थेत नवीन सिल वेल्ड झाली, की ते दोन-चार मिलिमीटर कायमचे पक्के होतात. मग दरवाजा बंद होताना घासतो, काच बसवताना तडकते, आणि कितीही महागडा रंग मारा, ती गाडी वाकडी ती वाकडीच.

दुसरी गोष्ट कागदाची. वेगळी चासी नाही म्हटल्यावर चासी नंबर या सांगाड्याच्याच पत्र्यावर ठोकलेला असतो. इंजिन दुसरं बसवता येतं, त्याची रीतसर नोंद होते. सांगाडा मोडला तर आरसी बुकातली गाडीच संपली. "दुसऱ्या फियाटचं शेल घेऊ" हा सल्ला आम्हाला निदान पाच जणांनी दिला. ते शेल म्हणजे दुसरी गाडी, दुसऱ्याचा नंबर. आणखी एक कारण आहे. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकींना वेगळी 'व्हीए' मालिका मिळते, पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडीशेल किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार झालेले नसावेत. आमची फियाट २०२९ मध्ये पन्नाशीची होईल. तोवर तिचा मूळ सांगाडा टिकवणं, एवढाच काय तो खेळ आहे.

आधी टेकू, मग प्रवास

आत्याच्या अंगणात जे मिस्त्री आले त्यांनी पहिल्या दिवशी एकही पाना उचलला नाही. त्यांनी सुतळी मागितली. दरवाज्याच्या मोकळ्या चौकटीत वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली, मग उलटी ताणली. अशी चारही दरवाज्यांची तिरकी मापं, पुढच्या काचेच्या चौकटीची दोन, आणि डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंतची आडवी. प्रत्येक माप चिकटपट्टीवर लिहून तिथेच पत्र्याला डकवलं. मी मोबाईलमध्ये सगळ्यांचे फोटो काढले. "फोटो काढ, पण पट्टी काढू नको," मिस्त्री म्हणाले. "फोन हरवतो. पट्टी गाडीबरोबर जाते."

त्यानंतर एक इंची चौकोनी पाईप. प्रत्येक दरवाज्याच्या चौकटीत एक तिरका, एक आडवा. आणि गाडीच्या आत डाव्या मधल्या खांबापासून उजव्या मधल्या खांबापर्यंत एक. पाईप थेट पातळ पत्र्याला वेल्ड करायचा नाही, नाहीतर काढताना भोक पडतं. जिथे पत्रा दुहेरी आहे तिथे, नाहीतर बिजागरीच्या बोल्टच्या जागी छोटी पट्टी बोल्टाने बसवायची आणि पाईपला तिच्यावर टाका मारायचा. हे टेकू सिल कापायच्या आधी लागतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी हलवायच्याही आधी लागतात, हे मात्र विसरलं जातं.

या बाबतीत मी एका गॅरेजात बघितलेलं दृश्य सांगतो. गॅरेजचं नाव नाही घेत. तिथे एका ॲम्बॅसेडरचा मोकळा सांगाडा क्रेनने उचलला होता, पट्टा दोन्ही खिडक्यांमधून ओवून. पट्टा वर हुकात एकत्र येतो, म्हणजे तो फक्त वर ओढत नाही, दोन्ही बाजूंना आतही दाबतो. छताच्या कडेला दोन्हीकडे सुंदर खळी पडली. क्रेन वापरायचीच असेल, तर वर आडवा बार हवा आणि पट्टे त्या बारपासून सरळ खाली सोडायला हवेत. पकडायचं तेही खालून, फरशीच्या जाड भागाला.

एक सल्ला फुकट : जमलं तर एक्सल आणि चाकं प्रवास होईपर्यंत काढूच नका. सांगाडा स्वतःच्या चाकांवर ट्रकमध्ये चढणं यासारखं सुख नाही. गाडीचं वजन तिच्या नेहमीच्या जागांवरच येतं. आमच्याकडे तो पर्याय नव्हता. पुढचं सस्पेन्शन गंजून बसलं होतं, ते कापूनच काढावं लागलं. म्हणून चौकोनी पाईपची एक चौकट केली, ती सस्पेन्शनच्या मूळ बोल्टांच्या भोकांना पकडली, आणि खाली छोटी चाकं लावली. पत्र्याला कुठेही थेट भार नाही.

आणि हो, रंग खरवडायची घाई करू नका. रिकाम्या वेळात पॉलिश पेपर घेऊन बसायची हौस सगळ्यांना असते. पण कोकणची हवा तुम्हाला माहीत आहे, उघडा पत्रा रात्रभरात तांबूस होतो. जुना, उडालेला, कसाही रंग असो, प्रवासात तोच अंगरखा आहे. खरवडणं आणि लगेच प्रायमर, दोन्ही पोचल्यावर एकाच ठिकाणी.

गाडी किती फुटी?

छोटा हत्ती साधारण सात फुटी. बोलेरो पिकअप नऊ फुटी. फियाट बंपरसकट तेरा फुटांच्या आत-बाहेर. म्हणजे पिकअपमध्ये घातली तर चारेक फूट मागे लटकणार, फाळका उघडा ठेवून. "लाल फडकं बांधू, जाईल" असं सांगणारे भेटतात. दोन कारणांनी नको. सिल कमकुवत असताना मागचा चार फुटांचा भाग अधांतरी ठेवणं म्हणजे प्रत्येक खड्ड्यात सांगाडा वाकवणं. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर माल लोंबत असेल तर कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च वेगळा. चौदा फुटी आयशर घ्या. भाड्याचं गणित असं की घाटावरून भाजी नि किराणा घेऊन चिपळूणला येणाऱ्या गाड्या बऱ्याचदा रिकाम्या परततात. रिटर्न भाडं बोला, फरक पडतो.

पण होकार देण्याआधी हौदा बघा. वाकून, वास घेऊन. आदल्या खेपेला मासळी असेल तर फळ्यांमध्ये खारं पाणी मुरलेलं असतं. खत असेल तर त्याहून वाईट, दोन्ही पत्र्याचे शत्रू. आम्ही हौदा धुऊन, एक दिवस उन्हात वाळवून घेतला. ड्रायव्हरमामा म्हणाले, "दादा, नवरीला पण एवढं बघत नाहीत."

चढवणं मात्र कोकणाने सोपं केलं. आत्याचं अंगण रस्त्यापासून उंच, मधे जांभ्याचा गडगा. मामांनी ट्रक उलटा घेऊन गडग्याला टेकवला तेव्हा हौदा आणि अंगण जवळजवळ एका पातळीत आले. दोन जाड फळ्या टाकल्या आणि आठ जणांनी चौकट ढकलत सरळ आत नेली. उचलणं नाही, क्रेन नाही. तुमच्याकडे असा उंचवटा असेल तर आधी तो शोधा, मग क्रेनवाल्याचा नंबर.

बांधायचं किती?

आता खरा मुद्दा, आणि मला सगळ्यात आवडलेला.

माल बांधण्याचं युरोपात एक ठोकमान वापरतात : ब्रेक मारल्यावर माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या ८० टक्के जोर अडवता आला पाहिजे, आणि बाजूला व मागे सरकू नये म्हणून ५० टक्के. सांगाडा टेकू-चौकटीसकट ३०० किलो धरला, तर पुढे २४०, बाजूला १५०. आता दोन इंची रॅचेट पट्टा घ्या. हाताने हँडल नीट ओढलं तर त्यात सहज अडीचशे-तीनशे किलोचा ताण येतो. एकाच पट्ट्यात! तो छतावरून टाकून दोन्ही बाजूंना आवळला, तर दोन्ही पदर खाली ओढणार, म्हणजे छतावर पाचशेच्या वर. ज्या सांगाड्याचं स्वतःचं वजन ३०० किलो, त्याच्या डोक्यावर तुम्ही त्याच्याहून जड माणसांचा घोळका बसवला.

जड मालात धोका असतो तो माल सुटण्याचा. हलक्या, पोकळ मालात उलट, बांधण्यानेच माल मोडतो. म्हणून छतावरून, खिडकीतून, खांबाला वळसा घालून एकही पट्टा नाही. चारही पट्टे खालच्या चौकटीला, चार कोपऱ्यांतून बाहेर तिरके. शिवाय चौकटीच्या चाकांचे ब्रेक असले तरी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. चौकटीच्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे हौद्याच्या फळ्यांना खिळ्यांनी ठोकायचे. सरकणं ठोकळे अडवतात, उसळणं पट्टे अडवतात. पट्ट्याला मग जेमतेम ताण पुरतो.

अजून एक. घाटातल्या वळणावर, रस्ता एका बाजूला खचलेला असेल तिथे, ट्रकची स्वतःची चासीच पिळवटते. हौद्याचे चार कोपरे एका पातळीत राहत नाहीत. सांगाडा चारही कोपऱ्यांना घट्ट जखडला तर ट्रकचा पीळ आपल्या पत्र्यात उतरतो. यावर मिस्त्रींचं उत्तर आजीच्या स्वयंपाकघरातलं होतं. चुलीला धोंडे तीनच का असतात? तीन धोंडे कशाही जमिनीवर ठेवा, भांडं डुगडुगत नाही. चौथा ठेवला की डुगडुग सुरू. तशी चौकट पुढे दोन ठिकाणी आणि मागे मधोमध एका ठिकाणी, अशी तीन लाकडांवर टेकवली, प्रत्येकाखाली जुन्या टायरचा तुकडा. छोटी चाकं हौद्यापासून बोटभर उचलली गेली. हौदा पिळला तर खुशाल पिळू दे.

दरवाजे, बॉनेट, डिकीचं झाकण वेगळे. आजीच्या दोन जुन्या गोधड्यांत गुंडाळून, उभे, हौद्याच्या पुढच्या भिंतीला. आडवे रचले की खालचा दबतो. ताडपत्री टाकली ती वरच्या कमानीवर, सांगाड्याला टेकू न देता. फडफडणारी ताडपत्री शंभर किलोमीटरमध्ये रंग खरवडून काढते.

पोफळीचा चहा

खेर्डी, अलोरे, पोफळी, मग कुंभार्ली घाट, हेळवाक, कोयनानगर, पाटण, कराड आणि तिथून हायवेने कोल्हापूर. आम्ही जानेवारी निवडला. पावसाळ्यात हा घाट धुक्याचा आणि दरडींचा असतो. सांगाड्यासाठी तर ओली हवा हेच मोठं संकट.

पोफळीला, घाट लागायच्या आधी थांबायचं असं मामांशी आधीच बोलून ठेवलं होतं. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये लाकूड बसतं, टायरचे तुकडे दबतात, पट्टे सैल होतात. कुठलाही माल असो, ही तपासणी पहिल्या टप्प्यात करायचीच. डावीकडचा मागचा पट्टा खरंच बोटभर लोंबत होता. दोन खटके दिले, झालं.

घाटात मामांनी वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. वळणांची मला भीती होती, पण वळणांवर काहीच झालं नाही. त्रास दिला तो गतिरोधकांनी. रिकाम्यासारखा ट्रक, स्प्रिंगा कडक, जरा जोरात गेला की मागचा भाग उडतो. मामांनी गाणी बंद ठेवली होती, मागचा आवाज ऐकू यावा म्हणून. एकदाच "टण्ण" झालं. उतरून बघितलं, गोधडीतून दरवाज्याचं हँडल निसटून फळीला लागत होतं.

पुढे एका नाक्यावर हवालदारांनी हात केला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केला असता. नंबरप्लेट नाही, इंजिन नाही, काचा नाहीत, असा सांगाडा ट्रकमध्ये म्हणजे चोरीची गाडी तोडून चाललीय असंच दिसतं. म्हणून हे जवळ ठेवा : मूळ आरसी, मालकाचं ओळखपत्र, मालक सोबत नसेल तर त्याचं सहीचं पत्र, गाडी पूर्ण असतानाचे फोटो, आणि चासी नंबरवरचा गाळ पुसून ठेवलेला, टॉर्च मारला की वाचता येईल असा. साहेबांनी आरसीवरचा नंबर आणि पत्र्यावरचा नंबर एकेक आकडा जुळवून बघितला. मग म्हणाले, "आमच्या वडिलांची पण होती." दहा मिनिटं अजून तिथेच गेली, पण ती गप्पांत.

उद्यमनगरात उतरवलं तेव्हा अंधार पडत आला होता. तिथल्या कारागिरांनी आधी चिकटपट्ट्या वाचल्या, मग सुतळी काढली. चार दरवाजे, पुढची चौकट, आडवी मापं. उजव्या मागच्या दरवाज्यात एक मिलिमीटरचा फरक आला. तो सुतळीचाच असेल म्हणून पोलादी टेपने परत मोजलं, तर फरक नाही. मी तिथूनच घरी फोन लावला. बाबांनी "बरं" म्हटलं आणि फोन आजीकडे दिला. तिने विचारलं, "माझ्या गोधड्या परत आणतोयस ना?"

टेकू अजून आतच आहेत. दोन्ही सिल आणि फरशी होऊन, दरवाजे बसवून बघेपर्यंत ते काढायचे नाहीत. आत्ता डावी सिल कापून झालीय. आतून ओंजळभर वाळलेला पुराचा गाळ निघाला. पुढच्या भागात त्या सिलचं वेल्डिंग. तुमच्याकडे सांगाडा हलवायचा असेल तर गाडी कुठली आणि ट्रकचा हौदा किती फुटी, एवढं आधी कळवा, मग बोलू.